घरमालकांची कॉर्निश प्रार्थना

जगातला कुठलाही विषय काढा, तिसऱ्या वाक्याला आमचे घरमालक कॉर्नवॉलला पोचलेले असत. "आज बर्फ फार आहे," म्हणावं, तर उत्तर यायचं, "कॉर्नवॉलमध्ये पडत नाही. तिथे ताडाची झाडं आहेत." त्या झाडांचं पानसुद्धा त्यांनी पाहिलं नव्हतं. ब्रिटनच्या त्या नैर्ऋत्य टोकावरच्या कथलाच्या खाणी बंद पडल्या, म्हणून त्यांचे आजोबा आजीला घेऊन बोटीत बसले आणि अमेरिकेत मिशिगनच्या पार उत्तर टोकाला येऊन तांब्याच्या खाणीत उतरले. नातू इथेच जन्मला, पोस्टात नोकरी करून इथेच रिटायर झाला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे मेटलर्जी शिकायला गेलो आणि नागपूरच्या मोहनबरोबर त्यांच्या माडीवर दोन वर्षं राहिलो.

त्यांना इंग्लिश म्हणण्याची चूक मी एकदाच केली. हात धरून त्यांनी मला भिंतीवरच्या नकाशापुढे उभं केलं. कॉर्नवॉल आणि इंग्लंड यांच्यामधल्या टेमर नदीवर ते वर्षानुवर्षं निळी पेन्सिल गिरवत आले होते. इतकी, की तिथे कागदच फाटला होता. नकाशापुरतं तरी कॉर्नवॉल त्यांनी स्वतंत्र करून टाकलं होतं. मी पडलो कोकणातला. समुद्र, कातळ आणि घरटी एक माणूस परगावी, ही कथा मला पाठच होती, त्यामुळे मी मुकाट्याने ऐकायचो. मोहन मात्र त्यांची चाहूल लागली की पुस्तक उघडून बसायचा.

शनिवारी ते पेस्टी करत. पेस्टी म्हणजे आपल्या करंजीची तालमीत गेलेली थोरली बहीण. खाणकामगार ती खिशात घालून खाली उतरत. मी बीफ खात नाही म्हटल्यावर माझ्यासाठी नुसता बटाटा, कांदा आणि सलगम घातलेली वेगळी व्हायची. गाजराला मात्र मज्जाव होता. शेजारच्या फिनिश बाई त्यात गाजर घालतात, म्हणून हा गृहस्थ अकरा वर्षं त्यांच्याशी फक्त हवामानावर बोलत होता.

आणि जेवणाआधी प्रार्थना. डोळे मिटून, घोगऱ्या आवाजात ते तीनच शब्द म्हणत, "देगे अन् दारस." आजीच्या तोंडचे हे शब्द, आजीला तिच्या आजीकडून आलेले. कॉर्निश भाषेचं त्यांच्याजवळ उरलेलं धन एवढंच. अर्थ विचारला की म्हणत, "आशीर्वाद आहे. आजी रोज जेवणाआधी म्हणायची."

त्या 'दारस'ने माझे कान टवकारले. दार? गंमत म्हणून मी लायब्ररीतून कॉर्निश शब्दकोश मागवला. दारस म्हणजे खरोखरच दार निघालं. पण आख्ख्या प्रार्थनेचा अर्थ होता, 'दार लाव'.

मी हसत सुटलो, आणि लगेच माझं हसू मावळलं. पुढच्याच रविवारी गावातल्या कॉर्निश मंडळाचं जेवण होतं. खुद्द कॉर्नवॉलहून एक शिक्षिका येणार होत्या, ती भाषा शिकवणाऱ्या. आणि प्रार्थनेचा मान आमच्या घरमालकांना! आठवडाभर ते आरशासमोर तालीम करत होते. मोहन म्हणाला, "अरे यार, सांगून टाक ना! लोकांसमोर फजिती होईल त्यांची." मी तीनदा जिना उतरलो. तिन्ही वेळा ते कोटाला ब्रश मारत होते आणि मी हवामानावर बोलून परत आलो.

रविवारी दुपारी त्यांनी मला हौसेने शेजारी बसवून घेतलं होतं. हॉलचं दार सताड उघडं, गावालगतच्या सरोवरावरच्या वाऱ्याने कागदी नॅपकिन उडत होते. ते उभे राहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, "देगे अन् दारस."

मंडळींनी माना खाली घातल्या. मी मात्र धास्तावून कॉर्नवॉलच्या त्या शिक्षिकाबाईंकडेच बघत होतो. त्यांनी चमकून वर पाहिलं. मग त्या शांतपणे उठल्या, चालत गेल्या, दार लावलं, परत येऊन बसल्या आणि सगळ्यांबरोबर म्हणाल्या, "आमेन."

दाराच्या आवाजाने आमच्या घरमालकांनी डोळे उघडले होते. जेवताना ते कॉर्नवॉलबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

परतताना गाडीत ते म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

"हो. पण सांगवेना."

"आजीची हाक आली की आम्ही पोरं बर्फातून धावत आत यायचो. दार तसंच उघडं टाकून थेट ताटावर." ते जरासे हसले. मग आवाज बदलला. "इतकी वर्षं मला वाटत होतं, आजी देवाशी बोलत होती. ती माझ्याशी बोलत होती रे."

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि चष्मा काढून हातात धरला. मला त्या दिवशी घरची फार आठवण आली.