बांबूचं स्ट्रेचर

नाशिकच्या सातपूरला माझं छोटं वर्कशॉप आहे. वस्तूंचं डिझाइन करणं हा धंदा. कंपन्यांसाठी डबे, झाकणं, हँडल. आणि मनासाठी अधूनमधून दुसरं काहीतरी. हे त्या दुसऱ्यातलंच. याबद्दल मी घरीसुद्धा धड बोललेलो नाही. बायकोला एवढंच ठाऊक आहे की सुरगाण्याचं काम मी सोडून दिलं.

काम असं होतं. सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या काही पाड्यांपर्यंत गाडी जात नाही. आजारी माणसाला, अडलेल्या बाईला डांबरी रस्त्यापर्यंत झोळीतून आणतात. एक लांब बांबू, त्याला बांधलेली गोधडी, दोन टोकांना दोन माणसं. झोळीत माणूस दुमडून जातो, गरोदर बाईला तर श्वास घेणं कठीण. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, सरळ निजवता येईल असं काहीतरी करा.

मी केलं. लोखंड जड, शिवाय गंजतं, म्हणून तिथलाच हिरवा बांबू. नट-बोल्ट हरवले तर पाड्यावर मिळणार नाहीत, म्हणून काथ्याने बांधलेल्या आडव्या पट्ट्या. उतारावर हातांना रग लागते, म्हणून चौघांनी खांद्यावर घ्यायचं. यातला एकही निर्णय मला आजही खोडता येत नाही. आणि सगळे मिळून जे तयार झालं ती तिरडी होती. वाचणाऱ्याला हे केव्हाच कळलं असेल. मला कळलं नाही. माझ्या वडिलांना पंचवटीत नेलं ते गाडीतून, लोखंडी सांगाड्यावर. तिरडी बांधताना मी कधी पाहिलीच नव्हती.

पाड्यावर दाखवायला नेलं तेव्हा मीच त्यावर आडवा झालो. चौघांनी उचललं. वीसेक पावलं गेल्यावर मागच्या दोघांपैकी एकाने विचारलं, "सर, मडकं कोणी धरायचं?" सगळे हसले. दुसरा म्हणाला, सर जड हायेत, वाटेत विसावा द्यावा लागंल. मीही हसलो, आणि हसता हसता मला समजलं मी कशावर निजलोय ते.

एक आजी पुढे आली. तिने त्यांना खाली ठेवायला लावलं आणि मला म्हणाली, "ऊठ दादा. जित्या माणसानं असं निजू नये."

मी उठलो आणि तिला समजावलं. अर्धा तास समजावलं. हे दवाखान्याचं आहे, डॉक्टरबाईंनी सांगितलंय, वर गादी घालू, रंग देऊ. लोकांना पटवणं मला जमतं. शेवटी ती म्हणाली, तुमी शिकलेले, तुमाला कळतं. तिच्याच ओसरीत स्ट्रेचर टांगून आम्ही परत आलो.

पुढच्या आठवड्यात एका स्पर्धेची शेवटची तारीख होती. फॉर्ममध्ये रकाना होता, वापरणाऱ्यांच्या हरकती. मी लिहिलं, 'नाहीत'. बदल तरी काय लागला असता? वर एकच बांबू, खाली झोळीसारखाच टांगलेला सपाट पाळणा, दोघांनी न्यायचा. दोन दिवसांचं काम. पण फोटो काढून झाले होते, आणि फार सुंदर आले होते. बक्षीस मिळालं. गादी राहिली, रंगही राहिला.

पावसाळ्यात त्याच आजीची सून अडली. पाड्यावरच्या आशाताईला स्ट्रेचरचं ट्रेनिंग मीच दिलं होतं. तिने झोळी बांधू दिली नाही, स्ट्रेचर उतरवायला लावलं. सुनेने ते पाहिलं आणि दाराची चौकट धरून बसली. आशाताईने मला फोनवर तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "मी मेली का आजून? मंग यावर कशाला घालता?" सासू रागावली, नवऱ्याने दंड धरून ओढलं, ती काही निजली नाही. शेवटी झोळीच करायचं ठरलं, तर स्ट्रेचर आल्यापासून झोळीचा बांबू कुंपणाला लागलेला. नवा तोडून आणण्यात तास गेला. रस्ता गाठायच्या आतच ती वाटेत बाळंत झाली. मूल रडलं नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, त्या तासाने फरक पडला असता की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. हे वाक्य मी बरेच दिवस वापरलं.

पण आशाताई फोनवर आणखी एक गोष्ट म्हणाली होती. घरात सगळे सुनेलाच बोलतात. हट्टापायी पोर घालवलं म्हणतात. तिचं चुकलं नाही, एवढंच त्या घरात जाऊन सांगायचं, म्हणून दिवाळीच्या आधी मी आशाताईला बरोबर घेऊन गेलो.

आजीने चटई टाकली. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली. "मला पण पयलं तसंच वाटलं व्हतं. पण तुमी समजावलं ना. हिला कोण समजावणार?"

सून आतून कोरा चहा घेऊन आली. विशीतली असेल. माझ्याकडे न बघता तिने कप पुढे धरला आणि मी घेईपर्यंत तशीच उभी राहिली. वाक्य मी नाशिकहून तयार करून आणलं होतं. आजी, तुमचंच आधीचं खरं होतं, चूक माझी. केवढंसं वाक्य. मी चहा प्यालो. म्हणालो, यंदा पाऊस लांबला. आजी म्हणाली, शेतात नागली झोपली सगळी. मग तिने विचारलं, पुढल्या खेपेला हिनं असं करू नये म्हणून डॉक्टरबाईकडं काही औषध असतं का. सून दारातच होती. मी म्हणालो, विचारून सांगतो.

उतरताना पायवाटेवर मी आशाताईला सगळं सांगितलं. मडक्याची थट्टा तिला आठवत होती, ती त्या दिवशी तिथेच होती. रकान्याचं ठाऊक नव्हतं. ती पुढे चालत होती, वळली नाही.

"मला सांगून काय उपयोग, सर," ती म्हणाली. "मी पण तिला ओढत व्हते. तिथं बोलायचं व्हतं."

खाली रस्त्यावर जीप उभी होती. ड्रायव्हर हॉर्न देत होता, सीटा भरल्या होत्या. मागे फिरायचं तर वीस मिनिटांची चढण. मी घड्याळात पाहिलं आणि उतरत राहिलो.

आशाताईने नंतर त्या घरी काही सांगितलं का, मला माहीत नाही. विचारायला मी फोन केलेला नाही.