कुठल्या गाडीचा सा?

मल्लिनाथ गेल्याचं मला रस्त्यात कळलं. आगारातला एक जुना ड्रायव्हर भेटला. "तुमचा तो 'कुठल्या गाडीचा' गेला की," म्हणाला, आणि हसला. ते हसू लोकांना मी दिलं होतं. महिना झाला. आज खरं काय ते लिहितो.

सत्तरच्या दशकात आम्ही सोलापूरच्या बस आगारात होतो. तो अक्कलकोट गाडीवर कंडक्टर, मी कारकून. मला हार्मोनियम येत होती, स्वरलिपी येत होती. त्याला यातलं काहीच येत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. तिकिटाच्या पंचाची टिकटिक, खिळखिळ्या खिडक्या, चढावर दुसऱ्या गिअरची घरघर... यांतून त्यानं एक रचना बांधली. जेवणाच्या सुट्टीत तो पत्र्याच्या तिकीटपेटीवर ठेका धरून गुणगुणायचा, मी लिहून घ्यायचो. प्रत्येक गाडीचं इंजिन वेगळ्या सुरात घुमतं, म्हणून प्रत्येक गाडीचा सा वेगळा, हे त्यानंच मला शिकवलं.

आगाराच्या स्नेहसंमेलनात ती रचना आम्ही वाजवली. टाळ्या थांबेनात. कागदावर रचनाकार म्हणून मी माझं नाव घातलं होतं. साहेबांनी मला हार घातला, तसा मल्लिनाथ पुढं आला.

"साहेब, ते मी केलंय."

माइक माझ्या हातात होता. "असं? मग सा लाव बघू."

त्यानं अगदी मनापासून विचारलं, "कुठल्या गाडीचा?"

अख्खा मंडप हसला. साहेब डोळे पुसत होते. प्रश्न बरोबर होता, हे तिथं फक्त मला ठाऊक होतं... आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. तो निवृत्त होईपर्यंत ड्रायव्हर, हमाल, रोजचे प्रवासी विचारत राहिले, "काय मल्लू, कुठल्या गाडीचा?" त्यानं पुन्हा कुणाला काही ऐकवलं नाही.

तो गेल्याचं कळल्यावर पंधरा दिवसांनी मी जुळे सोलापूर भागात त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती शिव्या देईल आणि मी सुटेन.

तिनं वर पंख्याकडं बघितलं. पंखा टकटक वाजत होता.

"दुरुस्त करू देत न्हवते," ती म्हणाली. "ह्याच्याखाली बसून मांडीवर बोटं आपटायचे. मी म्हणायची, झालं का सुरू, साधा सा लावता येत न्हाई आन्..."

तिनं पदर तोंडाशी धरला.

"मी बी हसले की वो भावजी. जलमभर."