दिवाळीचा फ्रॉक

पावडरचा वास आला की संपातली ती सकाळ आठवते. गिरणी बंद होऊन वर्ष झालेलं, घरात डबे रिकामे. परळला आमच्या चाळीखाली एका संस्थेची बालवाडी होती, पोरांना दूध-उसळ मिळायची. तिथल्या बाई म्हणाल्या, मुलीचा फोटो परदेशी पाठवू, कोणीतरी तिचा खर्च उचलेल. झालं, आमच्या हिने पोरीला दिवाळीचा फ्रॉक घातला, पावडर फासली, दोन रिबिनी बांधल्या. बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो वहिनी, हिला गरीब कोण म्हणेल? घरातला फ्रॉक घाला." मी म्हटलं, "घाल गो, कशाला अडतेस?" ही म्हणाली, "फोटोला आम्ही अशीच बसवतो. नसेल चालत तर र्‍हाऊ द्या." मला वाटलं, गेलं सगळं. पण बाई हसल्या, म्हणाल्या, "बरं, उभी करा." पोरगी रडायला लागली म्हणून हिने तिचा हात धरला. पुढे मदत आली, पोरगी शिकली. फोटोची एक प्रत आम्हालाही मिळाली. ही गेली तेव्हा भिंतीवर लावायला हिचा एकही फोटो सापडला नाही. म्हणून तोच लावलाय. त्यात कडेला हिचा बांगड्यांचा हात तेवढा आलाय. हार मात्र घालता येत नाही, मधे पोरगी आहे.