शेवटच्या कडव्यातलं नाव

या पुण्यात मी काय लिहिलं नाही? तमाशाच्या फडकऱ्याला लावण्या दिल्या, कीर्तनं करणाऱ्या हरिदासांना आख्यानं दिली, देवळातल्या उत्सवाच्या शेवटी होणाऱ्या लळितांतली सोंगं आणि त्यांची भाषणं रचली. कवनाच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफायची आपल्याकडे रीत. माझ्या कवनांत मात्र ते नेहमी दुसऱ्याचं असे. लावणीत फडकऱ्याचं, आख्यानात हरिदासाचं. तुमचं नाव ओळीत बसत नाही, अशी सबब सांगत. माझं नाव इतकं आखूड की कुठंही बसलं असतं. बसू द्यायचं नव्हतं, एवढंच.

नारायण पेठेतले शास्त्री तर त्याहून थोर. लावणी म्हटली की नाकं मुरडत, आणि संध्या उरकली की तीच गुणगुणत. मला भयंकर राग येई. जन्मात एकदा तरी पुण्यानं माझं नाव ऐकावं, एवढीच माझी हाव होती.

एकदा मोहिमेवरून परतलेल्या एका सरदारांचे कारभारी घरी आले. पोवाडा हवा होता. सरदार लढाईत किती मागे उभे होते, हे साऱ्या शहराला ठाऊक होतं. मी त्यांना कवनात आघाडीवर नेलं. कारभाऱ्यांनी ऐकून मान डोलावली.

"झकास! आता शेवटच्या कडव्यात सरकारांचं नाव घाला."

"अहो, पहिल्यापासून त्यांचंच तर आहे."

"ते वीर म्हणून. आता कवी म्हणून. सरकारांना कवनाचाही शौक आहे."

शौक कसला, हावरटपणा! याचं काय होणार ते मला तिथंच दिसलं. पण न मागता शहाणपण कशाला द्या? मागितलं तेवढं दिलं.

सरदारांच्या चौकात बैठक भरली. शाहिरानं डफावर थाप मारून शेवटचं कडवं घेतलं. सरकारांसारखा शूर त्रिभुवनात नाही, असं खुद्द सरकारच म्हणतात! आधी एक पागोटं हललं, मग सगळी बैठक हसायला लागली. एक शास्त्री म्हणाले, "वा! स्वतःची आरती स्वतःच ओवाळली की!"

सरदार लालबुंद झाले. ताडकन उठले, माझ्याकडे बोट केलं आणि खणखणीत आवाजात माझं नाव घेतलं, बापाच्या नावासकट. "हे यांनी रचलंय. आमचा काही संबंध नाही."

पुण्यानं माझं नाव ऐकलं ते असं. अजूनही वाटेत लोक थांबवतात. "आरतीवाले कवी ना आपण?" मी हो म्हणतो. मग लावण्यांचं सांगायला जातो, तर हसून म्हणतात, "काहीतरीच! त्या तर फडकऱ्याच्या."