बाजूची सीट

लाल रंगाचा एल बाबांनी स्वतः रंगवला. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला, ठोकून सपाट केला, त्यावर पांढरा रंग दिला, आणि तो वाळेपर्यंत माझ्यावर खेकसत राहिले की अंगण झाडू नको, धूळ बसते. नियमाप्रमाणे एक पुढं लागतो, एक मागं. ट्रकच्या मागच्या फळ्यांवर त्यांनी हौसेनं मोर काढून घेतला होता. त्या मोराशेजारी एल तारेनं बांधून झाला तेव्हा त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"इतकी वर्सं रोडवर चालली, आन् आता शिकाऊ झाली गाडी."

"गाडी नाही बाबा, मी शिकाऊ हाय."

"गाडीले काय माहीत ते?"

मी तेव्हा आमच्या सुलतानपुरातल्या पोरांना शाळेत पोचवणारी व्हॅन चालवत होते. बाबांचा ट्रक घरापुढं ताडपत्रीखाली उभा होता. तो विकायचा नाही आणि परक्याच्या हातात द्यायचा नाही, असा त्यांचा हेका. मग राहिलं कोण? मीच.

हे असं का झालं ते आधी सांगते. सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

आमच्या ट्रकच्या केबिनमध्ये चप्पल घालून चढायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. सरकारी नियमांच्या कितीतरी आधीचा. बाबांसाठी ते देवघर होतं. चप्पल दाराशी सीटखाली सरकवायची, डॅशबोर्डवरच्या देवाला हात लावायचा आणि अनवाणी पायानं गाडी चालवायची. जुन्या गाड्यांचं इंजिन केबिनमध्येच असतं, ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला, आणि त्यावरचं पत्र्याचं झाकण उन्हाळ्यात तव्यासारखं तापतं. सरळ रस्ता लागला, क्लचचं काम नसलं, की बाबा डावा पाय त्या झाकणाला टेकवून ठेवत. मध्ये एक पोतं घडी करून टाकलेलं असे.

एका उन्हाळ्यात त्यांनी चिखलीच्या एका मिस्त्रीकडून इंजिनचं काम करून घेतलं. त्यानंतर गाडी तापायची बंद झाली. निदान बाबांचं म्हणणं तसं. "काय हात हाय त्या मानसाचा! इंजिन थंड चालून राह्यलं." येईल त्याला हेच ऐकवायचे. पोतं काढून फेकून दिलं. थंडीत त्या मिस्त्रीसाठी शेतातला हुरडा गेला, आईनं सोबत शेंगदाण्याची चटणी दिली. आम्ही सगळे त्याचं कौतुक करत होतो.

गाडी थंड झालीच नव्हती. शुगरनं बाबांचा पाय बधिर झाला होता.

शुगर आहे हे माहीत होतं, गोळी आठवली तर घ्यायचे. तळव्याच्या कडेला फोड आला, तो फुटला, आईनं हळद भरली. पाय काळा पडायला लागला तेव्हा दवाखाना. डॉक्टरांनी विचारलं, भाजलं तेव्हा कळलं नाही का? बाबा म्हणाले, "भाजलंच नाही साहेब. आमची गाडी तापतच नाही." मग डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि तळव्यावरून कापूस फिरवला. कुठं लागतंय ते सांगा, म्हणाले. बाबा डोळे मिटून शहाण्या मुलासारखे वाट बघत राहिले, आता सुरू करतील म्हणून. कापूस फिरवून झाला होता. मी बाहेर येऊन भिंतीशी उभी राहून रडले.

डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

घरी आल्यावर बाबा ओट्यावर बसून ट्रककडे बघत राहायचे. मी म्हटलं, मी शिकते, तुम्ही शिकवा. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी नियम समजावून सांगितले. माझं व्हॅनचं लायसन वर्षाच्या वरचं होतं, ते चाललं. डॉक्टरचा दाखला झाला. शिकताना बाजूला ट्रकचं लायसन असलेला माणूस पाहिजे.

"मी हाव ना बाजूले," बाबा म्हणाले.

सरांनी कुबड्यांकडे बघितलं आणि मान खाली घातली. "भाऊ, बाजूच्याले गाडी थांबवता आली पायजे. वेळ आली तर चालवता आली पायजे. तुमचं लायसन आता नाही चालत."

मी त्यांच्याशी तावातावानं भांडले. ज्यानं जन्मभर गाडीवर एक ओरखडा उमटू दिला नाही, त्याला तुम्ही सांगता? सर बिचारे ऐकून घेत होते. त्यांचं काहीच चुकत नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग येत होता. शेवटी बाबांनीच माझ्या दंडाला धरलं. "चाल. नियम बरोबर हाय त्यायचा." मग बाहेर येऊन म्हणाले, "तू पास झाली का मंग तिथं कोनी बी बसू शकते. मंग मी बसतो समोर. तवरक मागं."

तेव्हापासून त्यांचा तोच एक ध्यास. समोर बसायचं.

बाजूला बसायला बाबांचे जुने सोबती आले, चिखलीचे एक ड्रायव्हर. मी त्यांना काका म्हणते. रिकामा ट्रक, काका बाजूला, आणि बाबा केबिनमधल्याच मागच्या झोपायच्या फळीवर, कुबड्या आडव्या ठेवून. पहिल्या दिवशी मी रिवाजाप्रमाणे चपला काढून चढले. मेहकरच्या रस्त्याला लागल्यावर डावा पाय जरा मोकळा झाला म्हणून झाकणाला टेकला आणि मी किंचाळलेच. गाडी वेडीवाकडी झाली, काकांनी स्टिअरिंग धरलं. कशीबशी कडेला घेतली.

मागून बाबांनी विचारलं, "तापते का व?"

खोटं बोलायला हवं होतं की काय, मला अजून ठरवता येत नाही. मी म्हणाले, "हाव बाबा. लय तापते."

त्यांनी कुबड्या सरळ करून ठेवल्या. मग म्हणाले, "उद्यापासून बूट घालून येत जाय. देवाले मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी बूट घालून त्यांच्या देवघरात चढले. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

शिकवायचे मात्र बाबाच. मागून माझे पाय दिसत नव्हते, नुसत्या आवाजावर सांगायचे. "सोड आता. हळू. इंजिन रडून राह्यलं, आयकू येत नाही का तुले?" मी चिडायची, तेही चिडायचे, काका दोघांमध्ये हसत बसायचे. एकदा मी गिअर बदलत असताना काकांनी मागं वळून बघितलं आणि हसायचे थांबले. घरी आल्यावर बाजूला घेऊन मला म्हणाले, "तू क्लच दाबतं ना, तवा तुह्या बापाच्या कापलेल्या पायावरची पायजम्याची घडी बी खाली जाते. तेच्या ध्यानातच नाही."

टेस्टची तारीख मिळाली. बाबांनी समोरच्या सीटचं कव्हर आईकडून धुऊन घेतलं. आणि पोळ्याच्या आधी, एका सकाळी चहा पिता पिता त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात न्यायला गाडी काढायच्या आतच सगळं संपलं होतं. मी ड्रायव्हरची मुलगी, व्हॅन दारात उभी, आणि किल्ली लावायचीही गरज उरली नाही.

तेरवीनंतर बुलढाण्याला जाऊन टेस्ट दिली. पास झाले. साहेब म्हणाले, क्लचवर पाय चांगला आहे. मी मान डोलवली.

लायसन पोस्टानं आलं तोवर सोयाबीन निघालं होतं. चिखलीच्या बाजारात न्यायचा पहिला माल भरला. मी पक्कड घेऊन दोन्ही एल काढले. बाबांनी तार इतकी घट्ट पिळली होती की माझी बोटं सोलली. आईनं चाकापुढं नारळ फोडला. मी बूट घालून चढले, देवाला हात लावला.

पहिली खेप म्हणून काका सोबत आले होते. सवयीनं त्यांनी डावीकडचं दार उघडलं, पायरीवर पाय ठेवला आणि धुतलेल्या कव्हरकडे बघून थबकले.

"आता मी असलो नसलो तरी चालते ना?" त्यांनी विचारलं.

"हाव काका. आता कोनी बी बसलं तरी चालते."

ते चढले, सीट ओलांडून मागच्या फळीवर गेले आणि बाबा बसायचे तिथं बसले. समोरची सीट त्यांनी मोकळी ठेवली. मी क्लच दाबला आणि गाडी काढली.