कशानं गेला?

तुम्ही रोज ज्या बसने कामाला जाता, तिच्या डॅशबोर्डवर काळी चिकटपट्टी लावलेली आहे का, हे कधी वाकून पाहिलंय? माझ्या मावशीने पाहिलं होतं. म्हणून आज तिच्याबद्दल भूतकाळात लिहावं लागतंय.

शोभामावशीची बातमी देताना मामा फोनवर एवढंच म्हणाला, "हार्ट गेलं रे तिचं…" मावशीने त्याला तिथेच अडवलं असतं. 'गेला' हा शब्द तिला सोसत नसे. वाघोलीतल्या एका बस कंत्राटदाराकडे ती वर्कशॉपची प्रमुख होती. डिप्लोमा झालेली, आवाज खणखणीत. "मॅडम, सेन्सर गेलाय," असं मेकॅनिक म्हणाला की विचारायची, "कुठे गेला? गावाला? कशानं गेला ते सांगा, मग नवा मागा." आमच्या घरातून निघणारी मोर्च्यांची पत्रकंही तीच तपासायची. "'अन्याय झाला' काय लिहितोस? कोणी केला ते लिही," असं म्हणून माझा कागद परत करायची.

गेल्या वर्षी एका बसमध्ये धुराच्या नळीचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा दिवा सारखा लागू लागला. मावशीने सकाळी इंजिन सुरू करण्याआधीच मशीन जोडून पाहिलं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सगळे सेन्सर बाहेरच्या हवेइतकंच तापमान दाखवतात. हा एकटा भट्टीसारखा आकडा दाखवत होता. सेन्सर बिघडलेला होता, यात शंका नव्हती. एका सेन्सरवर भागणार म्हणून मालक खूश. नवा टाकला, तर काही दिवसांत तोही करपला. मग मावशी स्वतः गाडीखाली गेली. धूर गाळणारा फिल्टर काजळीने चोंदला होता आणि नळी खरोखरच भयंकर तापत होती. सेन्सर बिचारे खरं सांगता सांगता जळत होते.

"गाडी उभी करा," ती मालकाला म्हणाली.

"अहो मॅडम, एवढासा दिवा. त्याचं किती मनाला लावून घेता?"

दुसऱ्या दिवशी बस रस्त्यावर होती आणि दिव्यावर चिकटपट्टी. मावशीने ती ओरबाडून काढली. मालकाने पुन्हा लावायला लावली. त्याच आठवड्यात नगर रस्त्यावर बसने खालून पेट घेतला. प्रवासी वाचले. त्यांना उतरवताना सलीमभाई ड्रायव्हरचे दोन्ही हात भाजले. चौकशीत मालक म्हणाला, "सेन्सर गेला होता, वर्कशॉपने लक्ष दिलं नाही." मावशीला काढून टाकलं, आणि ती जिथे काम मागायला जाई तिथे त्याचा फोन आधीच पोचलेला असे. त्यानंतर ती येरवड्याच्या घरात खिडकीपाशी बसून राहायची… अशी गप्प बसलेली मावशी मी कधी पाहिली नव्हती.

मावशीच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला हाच मालक भलामोठा हार घेऊन आला. माइक हातात घेऊन म्हणाला, "शोभाताई आमच्या कुटुंबातल्याच. काय करणार, हृदय गेलं…"

मी उठणार, तोच मागून सलीमभाईंचा आवाज आला. "कशानं गेलं, साहेब?"

भाजून आखडलेली बोटं त्यांनी लपवली नव्हती. सगळं सभागृह मालकाकडे वळून पाहत होतं. त्याने माइक खाली ठेवला आणि हार तसाच खुर्चीवर टाकून निघून गेला.

मावशीच्या मृत्यूनंतर आता मालकाला माफ करावं, असं मला बरेच जण सांगतात. मी करणार नाही. त्याच्या बसेस अजून धावताहेत, आणि चौकशीच्या कागदांवर दोष अजून मावशीचाच आहे. तो पुसला जाईपर्यंत मी त्याची पाठ सोडणार नाही.

करपलेला तो दुसरा सेन्सर अजून तिच्या खिडकीत, चष्म्याशेजारी पडलाय. तो उचलायचं धाडस घरात कोणी केलेलं नाही. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. उद्या सकाळी बसमध्ये चढताना ड्रायव्हरशेजारी क्षणभर थांबा. चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी इशाऱ्याचे दिवे एकदा लागतात. त्या जागी पट्टी दिसली, तर बसू नका. "सेन्सर गेलाय," असं कोणी म्हणालं, तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारा, कशानं गेला?