शेवंतीचा कौल

मांडवीच्या किनाऱ्यावर गोदूबाईला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि तिच्याशी भांडला नाही असाही नाही. माझी सरबताची गाडी तिच्या घोडीच्या जागेलगतच, त्यामुळे आमचं भांडण रोजचं. लीद माझ्या गाडीसमोरच का पडते, यावर आम्ही निम्मं आयुष्य घालवलं.

नवरा घोडी मागे ठेवून वारला तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणूस काय घोडी फिरवणार? ही साडी खोचून, लगाम धरून वाळूत उतरली ती उतरलीच. पर्यटकांच्या पोरांना घोडीवरून फिरवून त्या पैशांवर मुलाला, नितेशला, वाढवलं, शिकवलं, मुंबईला नोकरीला धाडलं. घोडीचं नाव शेवंती. जात घोड्याची, पण स्वभावाने गरीब गाय. लहान मूल पाठीवर बसलं की पाऊलसुद्धा जपून टाकायची. माणसांत एवढी समज असती तर मला तोंड चालवावं लागलं नसतं.

यंदा पाऊस सरला आणि शेवंती पुढच्या पायांनी लंगडू लागली. सगळा भार मागे टाकून अवघडून उभी राहायची. जनावरांच्या डॉक्टरीण स्वप्ना मॅडम येऊन बघून गेल्या. "आजी, खुराच्या आतलं हाड खाली सरकलंय. वयही झालंय. आता हे बरं होणारं नाही. इंजेक्शन देऊन सोडवूया तिला."

"मी कोण सोडवणारी?" गोदूबाई म्हणाली. "देवीला विचारत्ये."

तिचं माहेर-सासर दोन्ही आत संगमेश्वराकडे. तिकडे घर बांधणं असो की लग्न जुळवणं, गावदेवीला कौल लावल्याशिवाय पान हलत नाही. आम्ही दोघी एस्टीने गेलो. आप्पा गुरवांनी ओले तांदूळ मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवले. गोदूबाईने हात जोडून विचारलं, "आये, शेवंतीला ठेवू ना गो?" उजवीकडचे दाणे आधी पडले. देवी हो म्हणाली.

परतताना तिने मला स्वतःच्या पैशांनी भजी खाऊ घातली. असं पूर्वी कधी घडलेलं नव्हतं.

मग तिने सेवा मांडली. शेवंतीच्या पायांखाली घमेल्या-घमेल्यांनी मऊ वाळू पसरली. दुखण्याची औषधं गुळातून भरवली. पण दुखणं देवीला विचारून थोडंच वाढतं? शेवंती दोन पावलं टाकायची आणि थरथरत थांबायची. मग आडवी पडू लागली. अंगाला जखमा झाल्या, त्यांवर माश्या बसू लागल्या, आणि गोदूबाई दिवसभर पदराने माश्या वारत बसू लागली. मला ते बघवेना. खरं सांगते, मला गोदूबाईचा आणि देवीचा, दोघींचाही राग यायचा.

"परत जाऊन विचार की," मी म्हटलं.

"एकदा कौल दिलान की दिलान. परत विचारलं म्हंजे देवीला खोटी ठरवली."

"मग विचारू नको. बोलव मॅडमना."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कौल मोडू? मोडला की घरावर येतं, ठाव हाय ना तुला? माझ्या घरात हाय कोण? एकटा नितेश."

माझीही दोन पोरं मुंबईलाच आहेत. मी लिंबं चिरायला घेतली.

एका सकाळी मी गाडी उघडत होते. शेवंती आडवी होती. गोदूबाई बादली घेऊन आली तशी ती उठायला गेली. पुढचे पाय टेकले, तेच दुमडले. पुन्हा उठली, पुन्हा कोसळली. तोंड वाळूत गेलं, तरी तिचं आपलं चालूच. मालकीण आली म्हणजे उभं राहायचं, एवढंच तिला जन्मभर माहीत.

"नको गो, उठू नको! पड, पड अशीच!" गोदूबाई ओरडली, आणि तिच्या मानेवर स्वतःच आडवी पडून तिला खाली दाबून धरलं. तशीच मला म्हणाली, "फोन लाव मॅडमना."

मॅडम आल्या. गोदूबाईने नितेशला कळवू दिलं नाही. शेवंतीचं तोंड मांडीवर घेतलं, डोळ्यांवरची वाळू बोटाने पुसली. "देवी ऱ्हा म्हणालीन, बाय. मीच धाडत्ये तुला." मॅडमनी इंजेक्शन दिलं. सगळं झाल्यावरही ती बराच वेळ माश्या वारत होती. मी तिचा हात धरून थांबवला.

शिमग्याला देवीची पालखी घरोघरी येते. गोदूबाई गावी गेली नाही तर बरं, असं मला वाटत होतं. पण ती गेली, आणि सोबतीला मीही. नितेश आला होता, धडधाकट. पालखी अंगणात टेकली. सगळ्यांनी ओट्या भरल्या, गाऱ्हाणी घातली. गोदूबाई पुढे झाली, खणानारळाची ओटी भरली आणि भर अंगणात मोठ्याने म्हणाली, "आये, मी तुझा कौल मोडला. जां काय घ्यायचं तां माझ्यापासून घे. पोराला हात लावू नको."

ढोल थांबले. आप्पा गुरवांनी मान खाली घातली.

"माफी माग गो," मी मागून कुजबुजले.

तिने डोकं हलवलं. "माफी कशी मागू? परत तशी पडली, तर परत मोडीन." मग पालखीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून ती रडू लागली, आणि पालखी उचलायला आलेले भोई तसेच खोळंबून उभे राहिले.